कवटीच्या तळाची मापं फिल्मवरून निघत नाहीत

सोलापुरातून, बार्शी-अक्कलकोटकडून येणाऱ्या प्रश्नांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. रिपोर्ट हातात असतो, मूळ स्कॅन कुणाकडेच नसतो.

प्रश्न : आईच्या पिच्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीचा एमआरआय झालाय. ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने ठरलंय. मग आता सीटी कशाला? पैसे उकळायला? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. एमआरआयमध्ये गाठ, नसा, धमन्या दिसतात. पातळ हाड नीट दिसत नाही. आणि सर्जनला वाट हाडातूनच काढायची असते. नाकामागच्या स्फेनॉइड सायनसमध्ये हवेची पोकळी कुठवर गेली आहे, गाठीखालचं हाड किती जाड आहे, मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन कॅरोटिड धमन्यांमध्ये किती जागा आहे, हे आधी मोजावं लागतं. धमनीवरचं हाड बऱ्याचदा अर्धा मिलिमीटरही नसतं. काहींत तर नसतंच. सायनसमधला हाडाचा पडदा अनेकदा मधोमध नसून थेट धमनीवरच्या हाडाला जोडलेला असतो. तो पिरगाळून उपटला तर धमनी फाटू शकते. आधी माहीत असेल तर ड्रिलने झिजवून काढता येतो.

स्कॅनच्या 5 मिमी जाडीच्या कापात (चकतीत) हे सगळं हरवतं, कारण हाड, हवा आणि मऊ भाग यांची सरासरी होऊन एकच करडा ठिपका उरतो. काप 1 मिमीपेक्षा जाड नकोत, मध्ये जागा सुटता कामा नये. डोकं तिरकं असेल तर डावी-उजवी मापं फसतात. संगणकावर ते सरळ करता येतं, फिल्मवर नाही. नॅव्हिगेशन (ऑपरेशनमध्ये हत्यार कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा) वापरणार असतील तर नाकाचा शेंडा आणि दोन्ही कान स्कॅनमध्ये पूर्ण यायला हवेत, पट्ट्याने कातडी दबलेली नको. म्हणून कसा स्कॅन हवा ते सर्जनकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि सेंटरमधून मूळ डायकॉम डेटाची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फायलींची) सीडी मागून घ्या. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो मापाला चालत नाही. हे चुकलं की पुन्हा किरण, पुन्हा खर्च.

प्रश्न : सीटीला कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) लागतो का?

उत्तर : हाडासाठी नाही. धमन्याही पाहायच्या असतील तर लागतो. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : सेंटरवाले जादा पैसे घेऊन रंगीत थ्रीडी प्रिंट देतात. घ्यावी का? (अक्कलकोट)

उत्तर : सर्जनने मागितली नसेल तर नको. या चित्रात पातळ हाडाच्या जागी नसलेली भोकं दिसतात. मापं मूळ कापांवरच घेतात.

प्रश्न : 28 वर्षांच्या भावाच्या रिपोर्टात मानेच्या दुसऱ्या मणक्याचा दात (वर निघालेला हाडाचा सुळका) चेंबरलेन रेषेच्या 9 मिमी वर आहे. हातांना मुंग्या येतात. ओळखीचे एक जण मान बसवून देतात, आधी ते करून पाहू का? (बार्शी)

उत्तर : अजिबात नाही. कुणालाही त्याची मान ओढू-वळवू देऊ नका. ही रेषा टाळूच्या हाडाच्या मागच्या टोकापासून कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या मागच्या काठापर्यंत काढतात. दात तिच्या 5 मिमीहून जास्त वर असेल तर तो कवटीत सरकल्याचा संशय घ्यायचा. सोबत मुंग्या असतील तर मज्जारज्जू दबलेला असू शकतो. ते एमआरआयवर कळतं. मान वाकवून हाड हलतं का, ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. स्क्रू बसवायचे ठरले तर मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हर्टिब्रल धमनीची वाट सीटी अँजिओवर (धमन्यांच्या सीटीवर) पाहावी लागते, कारण अशा रुग्णांत ती अनेकदा नेहमीच्या जागी नसते. याच आठवड्यात न्यूरोसर्जनला दाखवा. चालताना तोल जातो, गिळताना ठसका लागतो, श्वास अडतो, यातलं एकही असेल तर आजच.