मेलबर्नजवळ यारा व्हॅली सोडून वाइनसाठी कुठे जावं?

मॅसेडन रेंजेसला जा. शहराच्या वायव्येला, गाडीने तासाभरावर. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात थंड वाइन-प्रदेश मानला जातो. मळे 300 ते 800 मीटर उंचीवर. थंडीमुळे द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो, आणि म्हणूनच इथली स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन इतकी तरतरीत लागते. लँसफिल्डजवळच्या ‘कर्ली फ्लॅट’ या मळ्याची पिनो न्वार ही रेड वाइन मात्र चुकवू नका, माझी सगळ्यात आवडती तीच.

बरेच मळे छोटे, घरचेच. काही फक्त शनिवार-रविवारी उघडतात, तेव्हा आधी फोन करा. इथल्या वुडएंड गावापर्यंत ट्रेन आहे, पण मळे विखुरलेले. न पिणारा एकजण गाडी चालवायला हवाच. उन्हाळ्यातही स्वेटर घ्या. वाटेत हँगिंग रॉक हा खडकाळ डोंगर चढून या.