लव्हबर्डची जोडी घ्यायच्या आधी

बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला आणि मी नुसतं "बघू, सांगतो" एवढंच पाठवलं, त्यामुळे तू थोडी रागावली असशील, पण ते अंगठ्याने टाईप करून उरकण्यासारखं नव्हतं म्हणून आज शांतपणे लिहायला बसलोय. शांतपणे म्हणजे काय, आमचा पाळलेला पक्षी तात्या खांद्यावर बसून शर्टाची कॉलर कुरतडतोय आणि मधेच कुकरची शिट्टी मारतोय, हुबेहूब, तुझी काकू सकाळपासून दोनदा गॅस बारीक करायला उठली.

तर पवईला भाड्याच्या फ्लॅटवर एकटं वाटतं, शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन लव्हबर्डची जोडी आणू का, असं तू विचारलंस. आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून जे हिरवे-निळे-पिवळे दाखवतात ते बहुतेक वेळा बजरीगार असतात, ऑस्ट्रेलियातले, वजन तीस-चाळीस ग्रॅम, शेपटी लांब, अंगावर लाटांसारखे पट्टे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, शेपटी आखूड, चोच जाड, आणि नावात लव्ह असलं तरी चावतो कचकचून. तात्या तिसऱ्याच जातीचा, कॉकटील, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकल्या, तोही ऑस्ट्रेलियाचाच. आणि कोणी तुला आपला देशी हिरवा पोपट किंवा मुनिया देऊ केली तर सरळ नाही म्हण आणि पुढे चालायला लाग. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, आजोळी सगळ्यांकडे पिंजऱ्यात मिठू होता वगैरे ठीक आहे पण तो घरट्यातून काढून आणलेला असायचा हे आपण कोणी विचारायचोच नाही. मुनियांना तर चक्क रंग लावून विकतात, पहिल्या अंघोळीला रंग उतरतो.

आता तुझा मुद्दा. माझं म्हणणं एवढंच की हा शनिवार सोड. पुढचे चारही सोड. आधी महिनाभर खिडकीत बस.

हसू नकोस. का सांगतो ते ऐक.

1994 ला आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, मी रेल्वेच्या परळ वर्कशॉपला होतो, बोनस झाला आणि मी हौसेने बजरीगारची जोडी आणली, सोबत विकणाऱ्याने एक छोटं मडकं फुकट दिलं, म्हणाला टांगा पिंजऱ्यात, पिल्लं होतील. मला काय, आनंदच. पिल्लं झाली की दाखवायला चाळीतली पोरं जमतील, एवढंच डोक्यात. मादी मडक्यात जायला लागली, अंडी दिली, पुन्हा दिली, आणि खायला काय तर नुसती बाजरी आणि राळे, ना पालेभाजी ना कॅल्शियमसाठी समुद्रफेस. डिसेंबरात एक दिवस ती पिंजऱ्याच्या तळाला अंग फुगवून बसलेली दिसली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत होती, मी म्हटलं थंडी वाजत असेल, वरून गोणपाट टाकला आणि सेकंड शिफ्टला गेलो. सकाळी गेलेली होती. अंडं अडकलं होतं. हे मला किती वर्षांनी कळलं सांगू, आठ. एका डॉक्टरशी गप्पा मारताना सहज सांगितलं तेव्हा तो म्हणाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं, आणि ती आदल्या दिवसापासून तुम्हाला सांगत असणार.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही अजून. सांगत असणार म्हणजे काय, तर पक्षी आजार लपवतो, थव्यात जो लुळा दिसला त्यालाच ससाणा उचलणार, म्हणून अगदी शेवटपर्यंत तो ताठ बसतो, खाल्ल्यासारखं करतो, दाणे नुसते इकडून तिकडे करतो आणि तुला वाटतं जेवतोय. तळाला येऊन बसला म्हणजे नाटक करायचीही ताकद संपली. त्यामुळे रोजचं त्याचं कसं असतं हे तुला पाठ पाहिजे, तरच जरासं बिघडलेलं दिसेल. आणि ही बघायची सवय पक्षी आणल्यावर लागत नाही, आणल्यावर आपण त्याचे फोटो काढत बसतो.

म्हणून खिडकी. तू अकराव्या मजल्यावर आहेस ना, तुला एक गंमत मिळणार आहे जी आम्हा चाळवाल्यांना कधी मिळाली नाही, घार वरून दिसेल. आम्ही जन्मभर घारीचं पोट बघितलं, तू पाठ बघशील, ती वळताना शेपटी सुकाणूसारखी कशी पिळते ते बघशील. सकाळी साडेसहा ते सात बस, चहा घेऊन, मोबाईल आत ठेवून. पहिल्या आठवड्यात कावळे, पारवे आणि साळुंक्या याशिवाय काही नाही असं वाटेल आणि कंटाळा येईल. येऊ दे. दुसऱ्या आठवड्यात कळायला लागेल की दोन कावळ्यांपैकी एकाच्या मानेचा करडा रंग जरा उजळ आहे आणि तोच नेहमी आधी उतरतो. खाली झाडं असतील तर तांबट ऐकू येईल, टुक टुक टुक, कोणीतरी लांबवर भांडं ठोकतंय असं, लोकांना तो पक्षी वाटतच नाही. तलावाकडे फिरायला गेलीस तर खंड्या आणि पाणकावळे आहेतच. एक साधी दोनशे पानी वही घे, तारीख, वेळ, काय दिसलं, बास. सुंदर अक्षर नको, निबंध तर अजिबात नको.

माझ्याच वहीतली एक गोष्ट सांगतो. मुलुंडला आमच्या खिडकीसमोर सोनमोहर आहे, तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याच्यावर कावळ्यांनी घरटं बांधलं, काड्या कमी आणि तारा जास्त, एक तर ड्रायक्लीनरचा हँगर होता पूर्ण. मे महिन्यात खालून जाणाऱ्यांना टपल्या बसायला लागल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला की पावसाआधी फांद्या छाटायच्याच आहेत तर हीच फांदी आधी घ्या. मी वही घेऊन गेलो आणि वाचूनच दाखवलं, अमुक तारखेला कोकीळ नर समोर बसून ओरडत होता, दोन्ही कावळे त्याच्या मागे गेले, त्याच वेळी ती ठिपक्याठिपक्यांची मादी गुपचूप घरट्यात शिरून आली. म्हणजे आत कोकिळेचं अंडं असणार. लोकांना एकदम इंटरेस्ट आला, कावळा म्हटल्यावर तोंड वाकडं करणारी माणसं कोकिळा म्हटल्यावर विरघळली, हा अन्यायच आहे म्हणा कावळ्यावर, पण मी गप्प बसलो, फांदी वाचत होती. जूनमध्ये कावळीण आपल्या मागे चोच वासून फिरणाऱ्या त्या परक्या पोराला भरवतेय हे बघायला तिसऱ्या मजल्यावरचे लोक आमच्याकडे यायचे. काकूचा चहा-साखरेचा खर्च वाढला.

आता तू विचारशील, मग काका तुम्ही पक्षी पाळताच कशाला, बाहेर एवढं आहे तर. बरोबर आहे. हा प्रश्न मला छळतो, आणि त्याचं सोज्वळ उत्तर माझ्याकडे नाही. तात्या माझ्याकडे आला कारण वर्कशॉपमधल्या एका मित्राची मुलगी परदेशी गेली आणि त्याला ठेवायला कोणी नव्हतं. सोडून देऊ म्हणत होते. तेवढं मात्र कधी करू नकोस, कितीही पुण्याचं वाटलं तरी. पिंजऱ्यात जन्मलेला असा पक्षी मुंबईत सोडला की कावळे त्याला टिकू देत नाहीत, त्यांच्या तावडीतून सुटला तरी दाणापाणी कुठे मिळतं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. तेव्हापासून, अकरा वर्षं झाली, तो आहे. कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतो हे लक्षात घे, तुझं लग्न, नोकरी, घर बदलणं, सगळ्यात तो असणार आहे.

पण खरं सांगू, बाहेरचं निम्मं मला तात्याने दाखवलं. तो एकदम गप्प होतो, तुरा ताठ उभा, मान तिरकी करून एकच डोळा आभाळाकडे. सुरुवातीला मला वाटायचं घाबरट आहे. मग एकदा मीही त्याच दिशेला बघितलं तर खूप उंचावर शिक्रा, म्हणजे शिकारी पक्षी, फिरत होता, मला चष्म्यातून टिंब दिसत होतं. तेव्हापासून तात्या गोठला की मी आधी खिडकीशी जातो. एकदा दिवेलागणीला तो सलग चार दिवस असा करत होता, आभाळात काहीच नाही, पाचव्या दिवशी गच्चीवर गेलो तर पाण्याच्या टाकीमागे गव्हाणी घुबड, पांढरं तोंड, माझ्याकडे बघत डुलतंय. वॉचमनला सोडून कोणाला सांगितलं नाही, लोक घुबड म्हटलं की अपशकुनाच्या गोष्टी काढतात, आणि ते बिचारं आमचे उंदीर खात होतं.

तर महिन्यानंतरही घ्यायचाच असं ठरलं तर काय ते सांगतो. लहान वयाचा बजरीगार घे, कपाळावरचे पट्टे थेट चोचीपर्यंत आलेले असतात आणि डोळा पूर्ण काळा असतो, मोठा झाला की डोळ्यात फिकट कडं येतं. तू दिवसभर ऑफिसला, म्हणून एकटा नको, दोन घे, पण मडकं नको. विकणारा फुकट देईल तरी नको. पिंजरा उंच नको, आडवा लांब हवा, त्यांना उडायचं असतं, लिफ्टसारखं वर-खाली नाही जायचं. आतल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूची नाहीतर कडुनिंबाची फांदी घाल, जाडीबारीक असलेली, पायाला फोड येत नाहीत. माकुलचं पांढरं हाड म्हणजे समुद्रफेस, काष्ठौषधीवाल्याकडे मिळतं, तारेने बांधून टाक. कोथिंबीर, पालक, मेथी धुऊन रोज थोडी. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे आपली भजी, कधीतरी. अ‍ॅवोकॅडो आणि चॉकलेट त्यांना विष आहे, तुझ्या रूममेटलाही सांगून ठेव.

घरातले दोन शत्रू आहेत. एक सीलिंग फॅन, पक्षी बाहेर असताना बटणाला सेलोटेप लावून ठेवायची, मी आजही लावतो. दुसरा तुझा नॉनस्टिक तवा, तो रिकामा गॅसवर राहून खूप तापला की जो धूर निघतो तो आपल्याला दिसतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो, त्यांची फुफ्फुसं तशीच असतात, हवेतलं सगळं आपल्यापेक्षा झपाट्याने आत घेतात. लोखंडी तवा वापर. उदबत्ती, कॉईल, रूम फ्रेशनर तेही बंद. आणि दिवाळीत रात्री झिरोचा बल्ब चालू ठेव, अंधारात फटाका वाजला की कॉकटील तर पिंजऱ्यात स्वतःला आपटून रक्तबंबाळ करून घेतो.

वजनकाटा घे, किचनचा, ग्रॅममध्ये दाखवणारा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी. गेल्या पावसाळ्यात तात्या अगदी मजेत होता, शिट्ट्या चालू, पण वहीत 92, मग 88, मग 81. काकू म्हणाली काटा बिघडलाय. मी काट्यावर पाव किलोचं तुपाचं पाकीट ठेवून बघितलं, काटा ठीक होता. आधी जवळच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांचा हात कुत्र्या-मांजरांवर बसलेला, म्हणाले छान आहे की हो, काही नाही. मग पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे नेलं, विष्ठा तपासली, पोटात इन्फेक्शन निघालं, तीन आठवडे औषध. म्हणून पक्षी आणायच्या आधी पक्ष्यांचा डॉक्टर शोधून ठेव, नंबर फ्रीजवर लाव. रस्त्यात मांज्याने कापलेली घार वगैरे सापडली तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, कागदावर बाई साकरबाई पेटिट यांचं नाव, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडा सांग. खोक्यात भोकं पाडून, वर टॉवेल टाकून, तोंडात पाणी ओतायचं नाही.

कबुतरांना गॅलरीत दाणे टाकतेस असं मागे म्हणाली होतीस, ते थांबव. माझं त्यांच्याशी वैर नाही, पण त्यांची सुकलेली विष्ठा छातीला वाईट आणि एकदा सवय लागली की दुसरा कुठला पक्षी तुझ्या खिडकीत फिरकणार नाही. पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेव, दोन बोटं खोल, रोज घासायचं. उन्हाळ्यात बुलबुल अंघोळीला येतो, काहीही केलं नाहीस तरी.

एकटं वाटतं त्याबद्दल मी काही लिहिलं नाही हे माझ्या लक्षात आहे. रविवारी ये, बोलू. वही घेऊन ये, पाच ओळी असल्या तरी चालेल. आणि येताना मुलुंड स्टेशनबाहेरून राळे आण, अर्धा किलोच, एक किलो नको, या दिवसांत त्याला जाळी धरते आणि मग काकू मला आणि तात्याला एकत्रच बोलते.

तुझा,
काका