व्यक्तिचित्र काढताना उभे कोठे राहावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : घरातल्या मंडळींचे फोटो मी मोबाईलवर काढतो. चेहरा नीट यावा म्हणून शक्य तितका जवळ जातो, पण फोटो पाहिला की जो तो म्हणतो, "माझं नाक एवढं मोठं नाही." हीच माणसे गावातल्या स्टुडिओत गेली की त्यांचे फोटो हुबेहूब येतात. दोष माझ्या मोबाईलच्या लेन्सचा आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोष लेन्सचा नाही, आपण जेथे उभे राहता त्या जागेचा आहे. नाकाचे टोक आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. मोबाईल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान त्याच्यापासून ४२ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटते. तोच मोबाईल दीड मीटरवर नेला की नाक १५० आणि कान १६२ सेंटिमीटरवर येतो आणि हा फरक जेमतेम ८ टक्क्यांवर उतरतो. चेहरा तोच, उजेड तोच, मोबाईलही तोच. बदलले ते फक्त अंतर.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे शल्यचिकित्सक बोरिस पास्कोव्हर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली हाच हिशेब गणिताने मांडला होता. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते, असे त्यांचे उत्तर आले. सेल्फीत नाक मोठे दिसते म्हणून ते लहान करून घ्यायला येणाऱ्या रुग्णांना समजावता यावे, यासाठी त्यांनी हा खटाटोप केला. आपल्या घरच्यांची तक्रार किती रास्त आहे, हे यावरून लक्षात यावे. माणसाच्या चेहऱ्याची जी ओळख आपल्या मनात पक्की झालेली असते, ती समोरासमोर बसून बोलतानाच्या अंतरावरची असते; वीतभर अंतरावरून आपण सहसा कोणालाही न्याहाळत नाही.

स्टुडिओतला छायाचित्रकार पाच-सहा फूट मागे उभा राहतो आणि त्या अंतरावरून चेहरा फ्रेममध्ये भरावा म्हणून लांब पल्ल्याची लेन्स लावतो. आपल्याला लेन्स दिसते, म्हणून श्रेय तिला मिळते. खात्री करायची असेल तर एकाच जागी उभे राहून एक फोटो साध्या कॅमेऱ्याने आणि दुसरा दोन किंवा तीन पट झूम करून काढावा. मग पहिल्या फोटोतला चेहरा तेवढाच कापून घेऊन शेजारी ठेवावा. पहिला थोडा अस्पष्ट असेल, पण नाक, गाल आणि कान यांची प्रमाणे दोन्हींत सारखीच आढळतील. याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवायला हवा. रुंद (वाइड-अँगल) लेन्सच्या फ्रेममध्ये अगदी कडेला आलेला चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो आणि हा गुण खरोखरच रुंद चौकटीचा आहे, म्हणून सामूहिक फोटोत कडेला थोडी जागा मोकळी सोडावी.

तेव्हा दीड ते दोन मीटर मागे सरावे आणि मग झूम करावा. त्याहून फारच दूर जाऊन मोठ्या लेन्सने चेहरा ओढून घेतला, तर उलट परिणाम होतो : नाक आणि कान एकाच पातळीवर आल्यासारखे वाटतात आणि चेहरा चपटा व रुंद भासतो. पार्श्वभूमी धूसर करणारी मोबाईलमधली सोय दिसायला छान असली, तरी जवळून बिघडलेले नाक ती दुरुस्त करत नाही.

प्रश्न : माझी उंची सहा फुटांहून अधिक आहे. मी काढलेल्या फुल साइझ फोटोंत पत्नीचे पाय आखूड दिसतात, आणि लहान मुलीचे तर डोकेच तेवढे मोठे दिसते. कॅमेरा किती उंचीवर धरावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कॅमेऱ्याची उंची समोरच्या माणसावरून आणि त्याचे किती शरीर फोटोत घ्यायचे आहे यावरून ठरवावी, आपली स्वतःची उंची या हिशेबात येताच कामा नये. उंच माणसाचा कॅमेरा नकळत सगळ्यांकडे वरून पाहतो आणि त्याला ते जाणवतही नाही, कारण तो रोज सगळ्यांना तसेच पाहत असतो.

मुलीचे उदाहरण घेऊ. तिची उंची एक मीटर आहे, ती आपल्यापासून दीड मीटरवर उभी आहे आणि आपण कॅमेरा डोळ्यांशी, म्हणजे जमिनीपासून १७० सेंटिमीटरवर धरला आहे. अशा वेळी कॅमेऱ्यापासून तिचे डोके सुमारे १६६ सेंटिमीटरवर असते आणि पावले सुमारे २२७ सेंटिमीटरवर. नाक आणि कान यांच्या बाबतीत जे घडले, तेच येथे डोके आणि पावले यांच्या बाबतीत घडते. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर आणला की दोन्ही टोके त्याच्यापासून सारख्या अंतरावर येतात आणि शरीराचे प्रमाण जसेच्या तसे राहते. म्हणून फुल साइझ फोटोला कॅमेरा कमरेशी, हाफ साइझला छातीशी आणि क्लोजअपला डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित वर, हा स्टुडिओवाल्यांचा जुना शिरस्ता आजही खरा ठरतो. यातला कमरेचा आणि छातीचा संदर्भ समोरच्या माणसाच्या शरीराचा आहे, हे विसरू नये.

कॅमेरा खाली नेला तरी त्याचे तोंड वर किंवा खाली झुकलेले नसावे. मागे दार असेल तर त्याच्या चौकटीकडे पाहावे. तिच्या उभ्या बाजू खालच्या दिशेला एकमेकींकडे येऊ लागल्या, तर कॅमेरा खाली वाकला आहे असे समजावे.

यासाठी कमरेत वाकून फोटो काढू नये. वाकलेल्या माणसाचा तोल पुढे जातो, श्वास अडखळतो आणि दोन-तीन फोटोंनंतर तो कंटाळून पुन्हा सरळ उभा राहतो. एक गुडघा जमिनीवर टेकवावा, दुसरा उभा ठेवून त्यावर कोपर टेकवावे आणि श्वास हलकेच सोडता सोडता बटण दाबावे. उभ्याने काढायचा असेल तर एक पाऊल पुढे ठेवून दोन्ही कोपरे बरगड्यांना लावावीत. मोबाईल उलटा धरला की लेन्स खालच्या कडेला येते, त्यामुळे अगदी लहान मुलांसाठी तेवढ्यानेच बरेच काम होते.

चष्म्यावर फ्लॅशची किंवा खिडकीची चमक येत असेल, तर माणसाला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगावे किंवा आपण पाऊलभर बाजूला सरावे. हनुवटीखालची घडी कमी दिसावी असे वाटत असेल, तर कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर न्यावा आणि मान जराशी पुढे काढायला सांगावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात छायाचित्रण शिकते. सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांची व्यक्तिचित्रे हा माझा प्रकल्प आहे. कॅमेरा खालून वर रोखला की माणसाला प्रतिष्ठा मिळते आणि वरून खाली रोखला की ते माणूस दीन दिसते, असे आम्हाला शिकवले जाते. मग या सगळ्या जणींना मी खालूनच टिपावे का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : हा नियम पाठ करण्यासारखा आहे, पण पाळण्यासारखा नाही. अँगलचा अर्थ ठरलेला नसतो. समोरचे माणूस काय करत आहे आणि आपण त्याच्या संदर्भात कोठे आहोत, यांतून तो तयार होतो.

रशियन छायाचित्रकार अलेक्झांडर रोडचेन्को यांनी १९३० साली सोव्हिएत बालसंघटनेतल्या मुलांची व्यक्तिचित्रे अगदी खालून, जवळजवळ हनुवटीखालून काढली. नव्या जगाकडे नव्या नजरेने पाहावे, डोळ्यांच्या उंचीवरून पाहण्याची जुनी सवय मोडावी, अशी त्यांची भूमिका होती. त्या चित्रांत हनुवटी आणि नाकपुड्या पुढे येतात, कपाळ आक्रसते आणि चेहरा एखाद्या स्मारकासारखा भासतो. त्यांवर त्या काळीच टीका झाली आणि मुलांचे चेहरे विद्रूप केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. एकाच कोनातून एकाला भव्यता दिसली, तर दुसऱ्याला विद्रूपता.

याच्या उलट जर्मनीतले छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांचे १९२८ सालचे मिठाई करणाऱ्या कारागिराचे चित्र पाहावे. हातात भांडे घेऊन, आपल्या कामाच्या जागी तो स्थूल माणूस पाय रोवून उभा आहे आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहत आहे. कॅमेरा खालून रोखलेला नाही, काही विशेष क्लृप्तीही नाही. त्या माणसाला जी प्रतिष्ठा लाभली आहे ती त्याच्या उभे राहण्यातून आणि त्याच्या नजरेला नजर देण्यातून आली आहे. माझे स्वतःचे मत झांडर यांच्या बाजूने आहे. खालून रोखलेला कॅमेरा माणसाचा गौरव करतो आहे असे वाटते खरे, पण बऱ्याचदा तो त्याला पुतळा करून टाकतो.

आता आपल्या प्रकल्पाकडे वळू. विडी वळणारी स्त्री जमिनीवर बसलेली असते, मांडीवर सूप असते, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू असते, आणि तिची नजर आपल्या बोटांवर असते. आपण तिच्यासमोर उभे राहून फोटो काढला, तर कॅमेऱ्याला तिच्या केसांचा भांग, डोक्यावरचा पदर आणि मिटल्यासारख्या पापण्या दिसतील. चेहरा दिसणारच नाही. वरून काढलेला हा फोटो केविलवाणा वाटतो तो कोनाच्या कुठल्या जादूमुळे नव्हे, तर त्यात डोळेच नसतात म्हणून. आपण तिच्यासमोर मांडी घालून बसलात आणि कॅमेरा तिच्या हनुवटीच्या उंचीवर आणलात, तर पापण्यांखालची नजर दिसू लागते आणि ती कोठे लागली आहे हेही कळते. त्याहून खाली, सुपाच्या काठाशी गेलात तर मात्र सूपच फ्रेम व्यापते आणि त्यामागे चेहरा लहान होतो. विड्या वळणारी बोटे हाच विषय असेल तर ते चालेल, व्यक्तिचित्राला चालणार नाही. वरूनच काढायचे असेल तर तेही जरूर काढावे. शेजारी शेजारी बसलेल्या दहा-बारा जणींची सुपे आणि हात एका चित्रात दाखवायला वरची जागाच योग्य आहे.

कॅमेऱ्याची घडणही छायाचित्रकाराची ढब ठरवते. १९२९ साली जर्मनीत रोलायफ्लेक्स बाजारात आला. तो पोटाशी किंवा छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत चित्र पाहावे लागे. साहजिकच त्यातली व्यक्तिचित्रे छातीच्या उंचीवरून निघत, आणि समोरच्या माणसाला आपल्यावर रोखलेला डोळा नव्हे, तर खाली झुकलेले डोके दिसत असे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही हा कॅमेरा वापरला. आपल्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा (स्क्रीन) वर वळत असेल, तर आपल्यालाही तसे काम करता येईल. ओळख नसलेल्या स्त्रियांसमोर त्याने बराच संकोच कमी होतो.

प्रश्न : मी कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचे माणूस ताठरते. एरवी गप्पा मारणारे काका फोटोत मात्र ओळखपत्रावरच्यासारखे दिसतात. काय करावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कॅमेऱ्यामागे आपला चेहरा झाकला जातो, हे त्याचे मोठे कारण आहे. बोलता बोलता समोरच्याचा चेहरा नाहीसा झाला आणि त्या जागी काच आली, तर कोणीही सावरून बसेल. अमेरिकेतील रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात आपल्या देशाच्या पश्चिम भागातील खाणकामगार, गुराखी आणि भटके मजूर यांची व्यक्तिचित्रे काढली, तेव्हा ते कॅमेऱ्यामागे उभेच राहत नसत. तिवईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या डावीकडे, लेन्सपासून काही इंचांवर आणि समोरच्या माणसापासून सुमारे चार फुटांवर उभे राहून ते त्याच्याकडे थेट पाहत. त्यामुळे त्या चित्रांतली नजर एका माणसाने दुसऱ्याला दिलेली आहे.

आपणही कॅमेरा किंवा मोबाईल ट्रायपॉडवर लावावा, काका बसणार ती खुर्ची आधी पक्की करावी, फ्रेम आणि फोकस जुळवून घ्यावा आणि मग शेजारी उभे राहावे. लेन्सच्या जितके जवळ उभे राहाल तितकी काकांची नजर कॅमेऱ्याकडे पाहिल्यासारखी येईल. दोन फूट दूर गेलात तर ते दुसऱ्याच कोणाकडे पाहत आहेत असे वाटेल. काका बसलेले असतील तर आपणही स्टूल घेऊन बसावे, म्हणजे त्यांना मान वर करून बोलावे लागणार नाही. बटण दाबायला साधे ब्लूटूथ रिमोट पुरते. ते नसेल तर मोबाईलमधला टायमर सलग काही फोटो काढेल असा लावून ठेवावा आणि गप्पा सुरू ठेवाव्यात.