पुतण्याने बांधून दिलेल्या गवताचे काय द्यावे?

प्रश्न : पाटण तालुक्यात आमचे वडिलोपार्जित तीन एकर माळरान आहे. मी पुण्यात राहतो. पूर्वी शेजारी ते गवत अर्धेलीने, म्हणजे निम्मे त्यांना आणि निम्मे आम्हाला अशा वाट्याने, कापून नेत. यंदा भावकीतल्या एका पुतण्याने, ज्याने कर्ज काढून ट्रॅक्टर आणि बेलर (गवताच्या गाठी बांधणारे यंत्र) घेतला आहे, चार तास कटर चालवून गवत पाडले आणि ते वाळल्यावर 210 गाठी बांधल्या. पैशांचे विचारले, तर म्हणतो, ‘‘काका, काय द्यायचं ते द्या.’’ परक्यांकडून तो कापणीचे तासाला 1,000 आणि सुतळीसह गाठीमागे 40 रुपये घेतो. गाठ रानातच 100 रुपयांना जाते. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे, की यंत्राच्या कामाला अर्धा वाटा फार होतो, डिझेल आणि चालकाचा रोज द्यावा. बांधाकडेचे गवत दोन बायकांनी विळ्याने कापले, त्यांना 300 रुपये रोज दिला आणि त्यांच्याबरोबर कापणाऱ्या गड्याला 500. हे सारे योग्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी बंधूंचा हिशेब पाहू. डिझेल आणि रोज एवढेच दिले, तर ट्रॅक्टर आणि बेलर तुम्हाला फुकट वापरायला मिळाले, असा त्याचा अर्थ होतो. बेलरला काम असते ते पावसाळा सरल्यावर गवताचे, मग भाताच्या पेंढ्याचे, सोयाबीनच्या भुशाचे आणि उसाच्या पाचटाचे, म्हणजे वर्षातले मोजके महिने. कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिन्यांचे असतात. शिवाय माळरानात गवताआड दगड असतात आणि एका दगडाने कटरची पाती गेली, तर त्या दिवसाची कमाई दुरुस्तीत जाते. परक्याकडून तो घेत असलेल्या दरात हा सगळा खर्च धरलेला असतो, म्हणून न्याय्य मोबदल्याची सुरुवात त्याच दराने करावी.

त्या दराने कापणीचे 4,000 आणि बांधणीचे 8,400, असे 12,400 रुपये होतात. आता अर्धेलीचे बघा : 105 गाठी, म्हणजे आजच्या भावाने 10,500 रुपये. बंधूंना जो वाटा फार वाटतो, तो रोख दरापेक्षा कमीच भरतो. हाच वाटा पुतण्याने मेपर्यंत राखला आणि गाठ 140 रुपयांना गेली, तर त्याचे 14,700 होतील. पण तोवर गंजी पावसापासून, उंदरांपासून आणि वणव्यापासून सांभाळण्याची जबाबदारी त्याचीच राहील. अर्धेली ही मुळात जोखमीची वाटणी आहे. विळ्याने कापायचे, पेंढ्या बांधायच्या आणि डोक्यावरून भारे वाहायचे, अशा काळात मजुराकडे रोख मागण्याची सोय नव्हती आणि मालकाकडे देण्याचीही बहुधा नव्हती, म्हणून ती रूढ झाली. दर महिन्याला हप्ता भरणाऱ्याला मात्र गवतापेक्षा रोख रक्कम उपयोगाची असते. त्यामुळे 12,400 रुपये द्यावेत, असे माझे मत आहे. घरात जनावरे असल्याने त्याला गवतच हवे असेल, तर 124 गाठी द्याव्यात. हिशेब तोच आहे.

‘काय द्यायचं ते द्या’ हे वाक्य आपल्याकडे फार गैरसमज करते. पुतण्या काकांपुढे आकडा उच्चारत नाही, काका कमीत कमी किती दिले तर चालेल याचा अंदाज घेतात आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टर ‘दुसरीकडे गुंतलेला’ असतो. नात्याची सवलत द्यायची की नाही, हे ज्याचे यंत्र आहे त्याने ठरवायचे असते. तुम्ही पूर्ण रक्कम पुढे करा. त्याने हजार-पाचशे परत केले, तर आनंदाने घ्या.

पुढच्या वर्षासाठी एकच गोष्ट आधी बोलून ठेवा, ती म्हणजे गाठीचे वजन. गाठीमागे दर असला, की सैल गाठी बांधून संख्या वाढवता येते. पुतण्या तसे करील असे मी म्हणत नाही, परंतु यंत्राचा दाब कमी राहिला तरी हेच घडते. मधल्या दहा गाठी तोलून सरासरी काढावी आणि दर किलोवर ठरवावा. ओले गवत बांधले, तर वजन भरते पण गाठ आतून तापते आणि बुरशी धरते, म्हणून मूठभर काड्या पिळून पाहाव्यात. त्या न मोडता नुसत्या वळल्या, तर आणखी एक ऊन द्यावे. ही घाई बहुधा मालकाचीच असते, त्यामुळे तुमच्या सांगण्यावरून ओले बांधले गेले, तर खराब गाठीचेही पैसे द्यावेत. दगड वेचणे आणि वणवा अडवणारा जाळपट्टा काढणे ही कामे तुमची.

राहिला प्रश्न बायकांच्या रोजाचा, ज्यावर तुम्ही ओझरतेच लिहिले आहे. सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखा मोबदला, हे 1976 च्या समान वेतन कायद्यानेच सांगितले होते आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. गावात तसा रिवाज नाही, हे उत्तर मला मान्य नाही, कारण कडेकपारीचे अवघड गवत तिघांनी एकाच विळ्याने, एकाच उन्हात कापले. दोघींना दर दिवसामागे राहिलेले 200 रुपये द्या आणि पुढल्या खेपेला शेकडा पेंढ्यांवर मजुरी ठरवा.