सगळंच बंद पडलं, तर बॅटरी बदलण्याआधी

प्रश्न (गंगापूर रोड): आमची १९९९ ची मिनीबस आम्ही कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे, सगळं एकाच बॅटरीवर चालतं. भंडारदऱ्याला जाताना घोटीत चहाला थांबलो. परत किल्ली फिरवली तर सेल्फ नाही, हॉर्न नाही, आतले दिवेही नाहीत. बॅटरी सहा महिन्यांचीच, मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. मेकॅनिक म्हणतो, बॅटरी बदला.

उत्तर: इतक्यात बदलू नका. नुसतं १२.६ दिसल्याने बॅटरी चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. नळाला पाणी आहे की नाही ते घागर लावल्यावरच कळतं, तसं भार टाकून बघा. कुणाला तरी किल्ली सेल्फवर धरायला सांगा आणि मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, त्यांवर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. आकडा धाडकन तीन-चारवर आला तर मेकॅनिकचं बरोबर. पण तो १२.६ वरच राहिला तर बॅटरी द्यायला तयार आहे, करंट पुढे जातच नाही. म्हणजे वाट तुटली आहे.

चहाला थांबल्यावरच हे का झालं? चालत्या गाडीत सगळा भार डायनॅमो उचलतो, त्यामुळे बॅटरीकडची वाट तुटली तरी कळत नाही. इंजिन बंद केलं की ती उघडी पडते.

माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिन आणि चासीला जोडणाऱ्या वायरवर. काळी पिन निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, किल्ली सेल्फवर. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त दिसलं तर जोड कमजोर आहे, आणि बारा दिसले तर तो तुटलेलाच आहे. मग हेडलाइटचा स्विच चालू करून हेच चासीवर बघा. दोन्ही ठीक निघाले तर पॉझिटिव्ह खुंटीपासून मेन फ्यूजच्या पलीकडच्या टोकापर्यंत तसंच मोजा.

परवा नाशिकमध्येच द्वारकाजवळ अशाच एका गाडीची अर्थिंगची पट्टी सोडवली. वरून बोल्ट घट्ट, थिंबल (पट्टीच्या टोकाचं कडं) स्वच्छ. उलटवून बघितली तर खाली रंगाचा जाड थर! पेंटिंगनंतर बोल्ट रंगावरच आवळला होता. पॉलिशपेपरने रुपयाएवढं लोखंड चकाकवलं, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली आणि किल्ली फिरवताच सेल्फ लागला. तुम्ही सोडवाल तेव्हा काळी वायर आधी काढा आणि जोडताना शेवटी लावा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही.

प्रश्न (सिडको): इंजिन सुरू होतं, पण मागे पंप, पंखा, दिवे सगळं बंद. गाडी जूनपासून उभी होती.

उत्तर: तुमच्याकडे दोन बॅटऱ्या आहेत आणि मागची संपली असावी. आधी सीटखालचा मेन स्विच बघा, तो बंद राहिलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. मग बॅटरी मोजा: १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. पावसाळाभर रिकामी उभी राहिलेली बॅटरी चार्ज घेते, पण धरत नाही. पूर्ण चार्ज करून रात्रभर सोडून ठेवा, सकाळी १२.४ च्या खाली आली तर ती गेली. इंजिन चालू असताना तिच्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. दिसले नाहीत तर दोन बॅटऱ्यांना जोडणारा आपोआप चालणारा स्विच, म्हणजे रिले, किंवा त्याचा फ्यूज तपासा.

प्रश्न (अंबड): मेन फ्यूज तीनदा उडाला. शेवटी वायरमनने तांब्याची तार बांधून डायरेक्ट केलं. चालेल ना?

उत्तर: अजिबात नाही. ती तार आजच काढा. त्या गाडीत प्लायवुड आहे, फोम आहे, गॅसची टाकी आहे आणि रात्री तुमची माणसं झोपतात. शॉर्ट झाला की आता फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळेल.

शॉर्ट शोधायला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पुरतो. सगळे स्विच बंद करून तो फ्यूजच्या दोन टोकांमध्ये जोडा. प्रखर पेटला तर शॉर्ट आहे. एकेक सर्किट सोडवत जा, जे सोडल्यावर बल्ब विझेल तिथेच दोष. पत्र्याच्या भोकातून रबरी कड्याशिवाय (ग्रोमेट) गेलेली वायर आणि उंदरांनी कुरतडलेली वायर, या दोन जागा आधी बघा.

प्रश्न (नाशिक रोड): गाडी घरच्या प्लगला लावली की घरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो.

उत्तर: तो पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय, ३० मिलिअँपिअर गळती झाली तरी त्याने पडायलाच हवं. गाडीतलं प्रत्येक उपकरण काढून बघा. गीझर आणि फ्रिजवर पहिला संशय घ्या, बाहेरच्या सॉकेटमध्ये पाणी गेलंय का तेही बघा. बिनअर्थच्या प्लगवर मात्र गाडी जोडू नका. टायर रबराचे, त्यामुळे गळती पत्र्यावरच थांबते आणि ओल्या अंगणात उभं राहून दार उघडणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते.