मानसोपचारतज्ज्ञच नसतील तर निर्वासितांच्या छावणीत समुपदेशन करता येतं का?

हो, येतं, मात्र सगळ्यांसाठी नाही. याचा नीट तपासलेला दाखला युगांडातल्या ऱ्हायनो कॅम्प वसाहतीचा आहे. तिथे दक्षिण सुदानमधून पळून आलेल्या ६९४ बायकांचे दोन गट करून त्यातल्या एकावर जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा कार्यक्रम करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आठवड्याला एक, अशी दोन-दोन तासांची पाच सत्रं. शिकवणारा खरं तर ध्वनिफीत! जुबा अरबी या दक्षिण सुदानमधल्या बोलीत रेकॉर्ड केलेला आवाज, हातात चित्रांचं पुस्तक, आणि गट सांभाळायला थोडंसं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायका. मन भरकटायला लागलं की पाय जमिनीवर दाबायचे, श्वास सावकाश घ्यायचा, आजूबाजूला काय दिसतंय-ऐकू येतंय ते टिपायचं, असे साधे सराव. आपबीती सगळ्यांसमोर सांगायची सक्ती नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. उकरून काढलेल्या जखमेवर पट्टी बांधायला तिथे कोण बसलंय? तीन महिन्यांनंतरही हा कार्यक्रम केलेल्या बायकांचा मानसिक त्रास दुसऱ्या गटापेक्षा कमी होता, फरक मात्र लहानसा.

आता मर्यादा. ज्यांच्या मनात आत्महत्येचा ठाम विचार आहे, ज्यांना भास होतात किंवा ज्यांचं भानच सुटलंय, त्यांना अशा गटात बसवू नये. त्यांना डॉक्टरकडेच न्यावं लागतं, आणि तशी सोय आधी ठरवून मगच गट सुरू करावा.