राज्यकर्ते बदलले की लोकांची संस्कृती बदलते का?

बदलते, पण कारभाराची भाषा लवकर आणि घरातली फार सावकाश. मराठवाड्यात हे स्पष्ट दिसते. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला आणली. त्यांच्या बोलीतून, मराठीच्या सहवासात, दखनी ही उर्दूच्या जवळची बोली घडत गेली. निजामाच्या राजवटीत मात्र उर्दूचा प्रभाव लादला गेला: १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या मुलाला हैदराबादेत उच्च शिक्षणासाठी परकी भाषा पत्करावी लागे, आणि हा अन्याय विसरता कामा नये. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. तरी २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना निजामकालीन उर्दू आणि मोडी दस्तऐवज वाचणारे जाणकार लागलेच.